चावी देण्याआधी

ग्रामोफोन विकणाऱ्या कंपन्यांना गिऱ्हाइकानं यंत्र उघडावं असं कधीच वाटत नव्हतं. यंत्राबरोबर जे माहितीपत्रक येई त्यात तेल कुठे सोडायचं, पिन कधी बदलायची, चावी किती द्यायची एवढंच असे. त्यापुढे काही बिघडलं तर दुकानदाराकडे न्या, हा सल्ला. दुरुस्तीच्या खऱ्या पुस्तिका दुकानदारांसाठी निघत आणि दुकानातच राहत. दुकानाच्या मागच्या खोलीत एखादा मिस्त्री असे, त्याला त्या पुस्तिकांचीही गरज उरलेली नसे. हे दुकानदार होते तोवर सगळं सुरळीत चाललं. पुढे विजेवरचे रेकॉर्ड प्लेअर आले, मग कॅसेट आल्या. दुकानं बंद तरी झाली किंवा पंखे-मिक्सर विकू लागली. पुस्तिका रद्दीत गेल्या आणि मिस्त्रीबरोबर त्याचं ज्ञानही गेलं. यंत्रं मात्र माळ्यावर, कपाटावर, देवघराच्या कोनाड्याखाली राहून गेली, कारण ती टाकवत नव्हती.

असं एखादं यंत्र खाली उतरवून ते वाजतं करावं असं ज्याला वाटतं, त्याच्यासाठी हे पुस्तक आहे. तो सहसा पहिला प्रश्न विचारतो, 'भाग कुठे मिळतील?' मला हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला आहे की त्याचं उत्तर आता मी उलट प्रश्नानं देतो: मोटर कोणती आहे? यावर बहुतेक जण पेटीवरच्या एचएमव्हीच्या कुत्र्याकडे बोट दाखवतात. कुत्र्याच्या चित्रावरून मोटर कळत नाही. आणि मोटर कळल्याशिवाय मागवलेली स्प्रिंग, पत्ती किंवा चावी बसत नाही. मग 'भाग मिळत नाहीत' अशी तक्रार सुरू होते. माझा अनुभव असा की मिळत नाहीत अशा वस्तू थोड्याच आहेत. न मोजता, न ओळखता मागितलेल्या वस्तू मात्र पुष्कळ आहेत.

ओळख अवघड का होते, याला आपल्याकडचा इतिहास कारण आहे. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग १९०२ साली कलकत्त्यात आला आणि गौहर जानसह अनेकांचं गाणं मुद्रित करून गेला. त्या तबकड्या छापल्या गेल्या जर्मनीत, हॅनोव्हरला, आणि बोटीनं परत आल्या. कलकत्त्यातच सियालदहला छपाई सुरू व्हायला १९०८ साल उजाडलं. तबकडी परदेशी तसं यंत्रही परदेशी. पण ते एकाच देशातून आलं नाही. इंग्लंडमधून आलं, जर्मनीतून आलं, स्वित्झर्लंडमधून आलं. स्विस कारखाने नुसत्या मोटरी बनवून जगभर विकत. थोरेन्स आणि पैलार्ड ही त्यातली मोठी नावं. आपल्याकडचे व्यापारी अशा मोटरी मागवून सुताराकडून शिसवी किंवा सागवानी पेट्या बनवून घेत आणि वर स्वतःच्या दुकानाची पट्टी ठोकत. म्हणून पेटी इथली, मोटर स्विस, टोनआर्म इंग्लिश आणि साउंडबॉक्स मागाहून बदललेला, असं यंत्र आपल्याकडे सर्रास सापडतं. ते नकली नसतं. त्या काळच्या व्यापाराचा तो अस्सल नमुना असतो. दुकानाची ती पट्टी कधी काढू नये. ते यंत्र कुणाच्या हातून गेलं याची कित्येकदा तेवढीच खूण उरलेली असते.

मोटरीची ओळख मोटरीवरच असते. फळीचे स्क्रू काढून मोटर उलटी केली की ओतीव चौकटीवर आकडा किंवा खूण दिसते. साउंडबॉक्सच्या पाठीवर त्याचा क्रमांक असतो. पेटंटचे आकडे असतील तर ते सगळ्यांत मोलाचे, कारण जुनी पेटंटं आज घरबसल्या फुकट पाहता येतात आणि त्यांतल्या आकृतींत प्रत्येक तुकडा सुटा काढून दाखवलेला असतो. कंपनीनं जे गिऱ्हाइकाला सांगितलं नाही ते तिला पेटंट कचेरीला सांगावंच लागलं. एल्ड्रिज जॉन्सननं ग्रामोफोनचा जनक बर्लिनर याच्या हातानं फिरवायच्या यंत्राला स्प्रिंगची मोटर बसवली, त्या घराण्यातल्या मोटरींचं अंतरंग मला पहिल्यांदा नीट समजलं ते पेटंटच्या चित्रांवरूनच. याखेरीज लंडनमध्ये १९१९ साली स्थापन झालेली सिटी ऑफ लंडन फोनोग्राफ अँड ग्रामोफोन सोसायटी अजून चालू आहे आणि जुने कॅटलॉग, माहितीपत्रकं पुन्हा छापून तिनं मोठं काम केलं आहे. अमेरिकेतल्या एरिक रीस यांचं 'द कम्प्लीट टॉकिंग मशीन' हे दुरुस्तीवरचं पुस्तक मी वर्षानुवर्षं हाताशी ठेवलं. मात्र त्याचा भर अमेरिकी यंत्रांवर आहे, ही गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्या तबकड्यांबद्दल मायकेल किनियर यांनी केलेलं संशोधन आणि मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचं 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक यांना पर्याय नाही. तबकडी कोणत्या काळातली हे कळलं की ती कोणत्या साउंडबॉक्सवर वाजवावी हेही बरंचसं कळतं.

आता मुंबईच्या चोरबाजाराबद्दल बोलायलाच हवं, कारण ग्रामोफोन म्हटलं की लोक आधी तिथेच जातात. मटन स्ट्रीटवर चकचकीत पितळी कर्णा, अष्टकोनी पेटी आणि तिच्यावर कुत्र्याची पट्टी असलेली यंत्रं ओळीनं मांडलेली दिसतात. ती जुनी नाहीत. कर्णा नवा, पेटी नवी, पट्टी तर अगदीच नवी. कर्ण्याचा बाक बेढब असतो, सांध्यावर डाख ओबडधोबड दिसतो, पेटीतली भोकं मापानं नव्हे तर घाईनं पाडलेली असतात. परदेशातल्या संग्राहकांनी अशा यंत्रांना एक शेलकं नाव ठेवलं आहे, ते इथे देत नाही. गंमत म्हणजे ज्या चित्राच्या जोरावर ही विक्री चालते ते मूळ चित्रही दुरुस्त केलेलंच आहे. फ्रान्सिस बॅरॉडनं आधी कुत्र्यापुढे एडिसनच्या धर्तीचा नळकांड्यांचा फोनोग्राफ रंगवला होता. ग्रामोफोन कंपनीनं १८९९ साली चित्र घेतलं ते त्यावर स्वतःचं यंत्र रंगवून घेऊन.

या नकली यंत्रांचा मला जो राग आहे तो त्यांच्या नकलीपणाचा नाही. दिवाणखान्यात शोभेला ठेवणाऱ्यानं खुशाल ठेवावं. राग आहे तो त्यांच्या पोटात काय आहे त्याचा. फिरणारी मोटर नवी बनवणं परवडत नाही, म्हणून ती एखाद्या खऱ्या पोर्टेबलमधून उपसलेली असते. एचएमव्हीचा १०२ हा पोर्टेबल १९३१ साली आला आणि पंचवीसहून अधिक वर्षं बनत राहिला. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत आणि लग्नकार्यात तोच मिरवला. काळ्या रेक्झिनची ती साधी पेटी कुणाला 'अँटिक' वाटत नाही. मग तिची मोटर काढून पितळी कर्ण्याखाली जाते आणि रिकामी पेटी भंगारात. अशी किती चांगली यंत्रं संपली याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

पण याचीच दुसरी बाजू अशी की नकली यंत्रं हा आज अस्सल भागांचा मोठा साठा झाला आहे. ज्याच्या १०२ची मोटर गंजून गेली आहे त्यानं परदेशातून मोटर मागवण्याआधी जवळपासचे दोन-चार पितळी कर्णे उलटे करून पाहावेत. आत हवी ती मोटर धडधाकट बसलेली असू शकते. विकणारा तिची वेगळी किंमत करत नाही, कारण त्याच्या लेखी किंमत कर्ण्याची. कर्णा नंतर ज्याला हवा त्याला द्यावा. उलट कुणी चालू पोर्टेबल 'सुट्या भागांसाठी' म्हणून देऊ लागला तर घेऊ नये, किंवा घेतलाच तर मोडू नये. एक यंत्र जगवायला दुसरं मारायचं हा हिशेब मला पटत नाही, आणि या पुस्तकात तसा सल्ला कुठे सापडणार नाही.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी, किंवा चोरबाजारात शुक्रवारी सकाळी रस्त्यावर पथारी पसरणाऱ्यांकडे, अजूनही सुटे साउंडबॉक्स, चाव्या, टर्नटेबलं मिळतात. तिथे जाताना खिशात व्हर्नियर कॅलिपर आणि भिंग असावं. चावीच्या टोकाचे आटे आणि लांबी, टोनआर्मच्या तोंडाचा व्यास, टर्नटेबलच्या भोकाचा उतार ही मापं कागदावर लिहून न्यावीत. डोळ्यानं जुळणारी चावी घरी येऊन जुळत नाही, हे इथे जितक्या वेळा घडतं तितकं दुसऱ्या कुठल्या छंदात घडत नसेल.

आट्यांबद्दल दोन शब्द अधिक. ब्रिटिश यंत्रांत बी.ए. जातीचे बारीक स्क्रू असतात. स्विस आणि जर्मन मोटरींत मेट्रिक. अमेरिकी यंत्रांची तऱ्हा आणखी वेगळी. हार्डवेअरच्या दुकानात आज सहज मिळतो तो मेट्रिक स्क्रू. दोन नंबरच्या बी.ए. स्क्रूचा व्यास ४.७ मिलिमीटर आणि आट्यांचं अंतर ०.८१, मेट्रिकच्या ५ मिलिमीटर स्क्रूचं अंतर ०.८. आटे जवळजवळ सारखे असल्यानं हा मेट्रिक स्क्रू जरा दाबला की आत शिरायला लागतो आणि बसला असं वाटतं. प्रत्यक्षात तो जुने आटे खरवडत पुढे जात असतो. त्यानंतर त्या भोकात मूळ स्क्रू कधीच घट्ट बसत नाही. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला आणि पुण्यात बोहरी आळीत चिकाटीनं विचारत फिरलं तर बी.ए.चे टॅप-डाय मिळून जातात. नाही मिळाले तर लेथवाल्याकडून एक-एक स्क्रू कातून घ्यावा. एका स्क्रूसाठी लेथवाला कुरकुरतो. त्याला यंत्र दाखवलं, चावी देऊन वाजवून दाखवलं की कुरकुर थांबते.

हेच या कामाचं आपल्याकडचं वेगळेपण आहे. इंग्लंडात ग्रामोफोनच्या स्प्रिंगा आणि गॅस्केट नव्यानं बनवून विकणारे आहेत, आणि टपालखर्च व जकात सोसायची तयारी असेल तर त्यांच्याकडून मागवावं. काही बाबतींत तेच शहाणपणाचं. पण बरंचसं सामान आपल्याच गावात, दुसऱ्याच धंद्याच्या दुकानात, दुसऱ्याच नावानं पडलेलं असतं. साउंडबॉक्सच्या पडद्याला दोन्ही बाजूंनी बारीक रबरी नळीची कड असते. सत्तर-ऐंशी वर्षांत ती नळी लाकडासारखी टणक होते आणि आवाज कर्कश, फाटका येऊ लागतो. सायकलच्या दुकानात मिळणारी व्हॉल्व ट्यूब कित्येक साउंडबॉक्सना चपखल बसते. मोटरीचा वेग सांभाळणाऱ्या गव्हर्नरच्या ब्रेकला लागणारं मऊ कातडं आणि फेल्ट हार्मोनियम बनवणाऱ्याकडे असतं, आणि कोणतं कातडं तेल पिऊन फुगतं, कोणतं नाही, हे त्याला आपल्यापेक्षा बरं कळतं. जस्ताचा मोडका ब्रॅकेट नमुना म्हणून दिला तर दागिन्यांचं ओतकाम करणारा कारागीर तो पितळेत ओतून देतो. ओतलेला तुकडा थंड होताना किंचित आक्रसतो एवढं धरून चालावं. दातेरी चक्र झिजलं असेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरसारख्या ठिकाणी ते कातून देणारे आहेत. या सगळ्यांना ग्रामोफोन माहीत असण्याची गरज नाही. आपल्याला माप माहीत असलं पाहिजे.

अभ्रकाचं उदाहरण जरा तपशिलात सांगतो. जुन्या साउंडबॉक्सचा पडदा अभ्रकाचा असे. एचएमव्हीचा एक्झिबिशन आणि त्यानंतरचा चार नंबर हे अभ्रकाचे. पुढे पाच 'ए', पाच 'बी' हे ॲल्युमिनियमचे. जगातलं उत्तम अभ्रक त्या काळी आपल्याच कोडर्मा-गिरिडीहच्या खाणींतून जात होतं, म्हणजे लंडनच्या साउंडबॉक्समधला पडदा तेव्हाच्या बिहारातला असण्याचा संभव पुष्कळ. आज अभ्रक म्हणून विजेच्या सामानाच्या बाजारात जे सहज हाती येतं ते इस्त्रीच्या किंवा हीटरच्या कॉइलखाली घालायचं असतं, आणि ते बहुधा अभ्रकाच्या चुऱ्याला डिंकासारख्या रसायनानं दाबून केलेलं असतं. ते तपकिरी, गढूळ दिसतं. साउंडबॉक्सला ते चालत नाही. आवाज मेल्यासारखा येतो. हवं ते एकसंध, पारदर्शक, पाव मिलिमीटरच्या आतलं. जाड तुकडा मिळाला तर त्याच्या कडेला धारदार पातं लावून तो पापुद्र्यापापुद्र्यानं सोलता येतो. उजेडासमोर धरून पाहावा: आत हवेचा चंदेरी डाग दिसला तर पापुद्रे तिथे सुटू लागलेत, तो बाद. मधलं भोक पाडताना दाबायचं नाही, सुईच्या टोकानं गोल गोल फिरवत दोन्ही बाजूंनी कोरायचं. पिनेचा दांडा ज्या इवल्याशा स्क्रूनं पडद्याला जोडलेला असतो त्यावर मेणाचा एक थेंब असतो, तो हवा निसटू नये म्हणून. इथे मधमाशीचं मेण लागतं. मेणबत्तीचं मेण ठिसूळ होऊन पहिल्याच तबकडीला सुटतं. ॲल्युमिनियमचा पडदा चुरगळला असेल तर त्या जागी अभ्रक बसवण्याचा मोह काही जणांना होतो. तो टाळावा, कारण तो साउंडबॉक्स हलक्या, घडी पाडलेल्या धातूच्या हिशेबानंच आखलेला आहे.

ॲल्युमिनियमच्या पडद्याभोवतीची चौकट मात्र अनेकदा जस्ताच्या मिश्रधातूची असते, आणि या छंदातलं सगळ्यांत मोठं दुखणं तेच. त्या काळच्या जस्तात शिशाचा अंश राहून जाई. त्यामुळे धातू आतून, कणाकणांच्या सीमेवर कुजत जातो, फुगतो आणि त्यावर बारीक जाळीदार भेगा पडतात. अमेरिकेच्या न्यू जर्सी झिंक कंपनीनं १९२९ साली अतिशुद्ध जस्ताचं 'झमाक' काढलं तेव्हा यावर उपाय सापडला, पण सगळीकडे तो लगेच वापरात आला नाही. फुगलेल्या साउंडबॉक्सचा स्क्रू जोर लावून फिरवला की चौकट बिस्किटासारखी तुटते. भिंगातून भेगा दिसल्या तर जोर लावू नये, तेलात बुडवून ठेवण्यानंही फुगवटा उतरत नाही. तसा साउंडबॉक्स जसाच्या तसा डबीत घालून ठेवावा आणि यंत्र वाजवायला दुसरा शोधावा. कोणता कशाला चालतो त्याचं कोष्टक सहाव्या प्रकरणात आहे.

स्प्रिंग, म्हणजे आपले घड्याळजी जिला कमान म्हणतात ती, हा पुस्तकातला सर्वांत लांब भाग झाला आहे आणि तो कापावा असं मला वाटलं नाही. कमान तुटते ती बहुधा बाहेरच्या टोकाच्या भोकाशी. तिथे तुटली असेल तर नवी मागवायचं कारण नाही: टोक तापवून नरम करायचं, नवं भोक पाडून कडा घासायची, दोन-तीन इंच लांबी गेल्यानं फारसं बिघडत नाही. मधे तुटलेली कमान मात्र जोडता येत नाही. वेल्डिंगवाला जोडून देतो आणि ती पहिल्याच चावीला सुटते. नवी घेताना रुंदी, जाडी, लांबी आणि टोकाचा आकार या चार गोष्टी लागतात. त्यातली जाडी मायक्रोमीटरनंच मोजावी. कमानीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. जाडी दहा टक्के वाढली तर ताठपणा तेहेतीस टक्के वाढतो. पट्टीनं मोजून 'साधारण तेवढीच' आणलेली कमान म्हणूनच दाते झिजवते. आणि अधिक लांब कमान म्हणजे अधिक वेळ वाजेल हा समज खोटा आहे. कमान ती ज्यात गुंडाळलेली असते त्या डब्याच्या आतली सुमारे अर्धी जागा व्यापते तेव्हा तिचे सर्वांत जास्त फेरे मिळतात. त्याहून लांब कमान डब्यात नुसती दाटी करते.

वाजता वाजता मोटरीतून 'धप्प' असा आवाज येतो आणि तबकडी क्षणभर अडखळते, ती तक्रार कमान तुटल्याची नसते. जुनं ग्रीस वाळून गोंद झालेलं असतं, वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि झटक्यानं सुटतात. डबा उघडून धुवायचा आणि ग्राफाइटचं ग्रीस बेतानं भरायचं, एवढंच. पूर्वी धुवायला रॉकेल वापरत. रेशनवरचं रॉकेल आता बहुतेक ठिकाणी मिळत नाही, तेव्हा टर्पेंटाइन किंवा डिझेल. गव्हर्नरला शिवणयंत्राचं तेल. खोबरेल तेल मुळीच नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडच्या घरगुती यंत्रांत निम्म्या वेळा तेच सापडतं. ते २४ अंशांच्या खाली गोठतं, म्हणजे पुण्याच्या थंडीत सकाळची भूपाळी लावायला गेलं की मोटर हलत नाही, आणि जुनं झाल्यावर त्याचा चिकट पिवळा थर होतो.

गव्हर्नरच्या तीन पत्त्यांपैकी एक तुटली की मोटर खडखडते. तेव्हा तिन्ही बदलाव्यात. एक नवी आणि दोन थकलेल्या ठेवल्या तर पत्त्यांवरचे गोळे एका रेषेत फिरत नाहीत आणि सूर हलतो. सूर हलणं हा ग्रामोफोनचा स्वभावच आहे असं मानणारे लोक भेटतात. तो स्वभाव नाही, बिघाड आहे. केसरबाई केरकरांचा षड्ज थरथरत नव्हता.

वेग तपासायच्या चकतीबद्दलही इथेच सांगून टाकतो. कागदाच्या या चकतीवर काळे पट्टे असतात. विजेच्या दिव्याखाली टर्नटेबल फिरलं की योग्य वेगाला पट्टे स्थिर दिसतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून आपल्याला ७७ पट्ट्यांची चकती लागते. अमेरिकी चकती ९२ पट्ट्यांची, तिथल्या ६० हर्ट्झसाठी. ती आपल्या दिव्याखाली वापरून पट्टे स्थिर केले तर वेग ७८ ऐवजी ६५ फेऱ्यांवर येतो, आणि बालगंधर्व चांगले तीन अर्धस्वर खाली उतरतात. शिवाय कित्येक एलईडी दिवे विजेच्या लयीत लुकलुकतच नाहीत; त्यांच्याखाली पट्टे कुठल्याच वेगाला थांबत नाहीत. जुन्या पद्धतीचा निऑन इंडिकेटर किंवा चोक लावलेली ट्यूबलाइट यासाठी राखून ठेवावी.

पिनांचं प्रकरण छोटं आहे, कारण नियम एकच आहे: पोलादी पिन एका बाजूला एकदाच. जुन्या तबकडीत लाखेबरोबर दगडाची पूड घातलेली असते आणि ती मुद्दाम घातलेली असते. पहिल्या काही फेऱ्यांत पिनेचं टोक खाचेच्या आकाराचं घासलं जावं म्हणून. बाजू संपेपर्यंत त्या टोकाला धारदार कडा आलेल्या असतात. तीच पिन पुन्हा लावली की त्या कडा खाच कापत जातात. साउंडबॉक्स शंभर ग्रॅमच्या आगेमागे वजनानं तबकडीवर टेकलेला असतो, हे ध्यानात घेतलं म्हणजे नुकसान किती होतं ते समजेल. पत्र्याच्या जुन्या डब्या गोळा करणं हा वेगळा छंद. डबीतल्या गंजलेल्या पिना मात्र तबकडीला लावू नयेत. व्हिनाइलची तबकडी तर या यंत्राच्या जवळही आणू नये.

एडिसनच्या नळकांड्यांच्या फोनोग्राफबद्दल या पुस्तकात थोडंच आहे. आपल्याकडे ती यंत्रं कमी उरली, आणि मेणाच्या नळकांड्यांना आपल्या पावसाळ्यात बुरशी लागून त्यांवरचं गाणं बहुतांशी गेलं. ज्याच्याकडे असं यंत्र आहे त्यानं निदान दोन मिनिटांचं आणि चार मिनिटांचं नळकांडं यांतला फरक ओळखावा. चार मिनिटांच्या नळकांड्यावर इंचात २०० खाचा असतात, दोन मिनिटांच्या नळकांड्यावर १००. एकाचा रिप्रोड्यूसर दुसऱ्यावर टेकवला तर खाचा मोडतात.

पेटीबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही. पेटी जितकी कमी 'नवी' कराल तितकं बरं. जुनं पॉलिश लाखेचं असतं. ते स्पिरिटनं पुसलं की विरघळतं आणि खालचं लाकूड उघडं पडतं. त्याच कारणानं जुन्या तबकड्याही स्पिरिटनं पुसायच्या नसतात, त्याही लाखेच्याच. निकेलचा मुलामा जरा पिवळसर, मंद असतो. त्यावर क्रोम चढवून घेतला की यंत्र हॉस्पिटलच्या नळासारखं दिसू लागतं. जो भाग बदलला तो फेकू नये. कापडी पिशवीत घालून, वर तारीख आणि काय बदललं ते लिहून, पेटीतच ठेवावा. पुढच्या माणसाला मूळ काय होतं हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही. आपणही आधीच्या कुणाची तरी खोडून काढलेली दुरुस्तीच वाचत असतो.

दुकानांचे पत्ते मी मुद्दाम दिलेले नाहीत. चोरबाजार ज्या भेंडीबाजारालगत आहे तिथल्या गल्ल्या आता पाडून पुन्हा बांधल्या जात आहेत आणि छापलेला पत्ता पुस्तकाआधी जुना होईल. त्याऐवजी कोणती वस्तू कोणत्या धंद्यात शोधायची आणि तिथे ती कोणत्या नावानं मागायची, ते शेवटच्या यादीत आहे. कामाला बसण्यापूर्वी व्हर्नियर, मायक्रोमीटर, स्क्रूच्या खाचेला बरोब्बर बसतील असे घासून घेतलेले स्क्रूड्रायव्हर, उंच काठाचं ताट (साउंडबॉक्समधले छर्रे घरंगळतात) आणि एक जाड गोणपाट एवढं जवळ असू द्यावं. प्रकरणं कोणत्याही क्रमानं वाचली तरी हरकत नाही, एक अपवाद सोडून. पहिल्या प्रकरणात चावी पूर्ण उतरवून कमान मोकळी झाल्याची खात्री कशी करायची ते सांगितलं आहे, आणि चौथ्यात डबा उघडायचा आहे. भरलेल्या कमानीचा डबा उघडला तर बोटं जातात. तेव्हा चौथं उघडण्याआधी पहिलं वाचावं, आणि ब्रेक सोडून, टर्नटेबल आपणहून थांबेपर्यंत थांबावं.